पानिपत कोणत्या सनात झाले? तारखेचे हिशेबी वर्ष करण्याचा इतिहास (थ्रेड)

१/
१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेब पेशवे पर्वतीवर निवर्तले. इसवी सनाच्या हिशेबाने दोन्ही घटना एकाच वर्षातल्या. पेशव्यांच्या दप्तरात मात्र पानिपत सन ११६१ मध्ये पडते आणि पेशव्यांचा मृत्यू सन ११६२ मध्ये. उलट, ऑगस्ट १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली ती घटना पानिपताच्याच सनात येते, जरी इसवी वर्ष वेगळे असले तरी.

२/
आज प्रत्येक कंपनीच्या आणि सरकारी खात्याच्या संगणकात हाच प्रश्न रोज सोडवला जातो. २० फेब्रुवारी २०२४ चे बिल २०२३-२४ या आर्थिक वर्षात जाते आणि २० एप्रिल २०२४ चे २०२४-२५ मध्ये. डेटाबेसमध्ये साठवलेली असते ती साधी तारीख. अहवालाला हवे असते हिशेबी वर्ष. या दोहोंमधला पूल बांधण्याचे काम किमान अकराशे वर्षे चालू आहे. त्याचीच ही कथा.

३/
मुळाशी असलेली अडचण सोपी आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. त्याचे दिवस साधारण ३५४, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ कमी. ३२ सौर वर्षे पुरी होतात तेव्हा चांद्र वर्षे जवळजवळ ३३ झालेली असतात. पीक मात्र सूर्यावर पिकते. सारा चांद्र वर्षाने वसूल केला, तर रयतेला ३२ पिकांवर ३३ सारे भरावे लागतील. वर्ष कोणते धरायचे, हा प्रश्न इथे थेट शेतकऱ्याच्या कणगीपर्यंत पोहोचतो.

४/
बगदादच्या अब्बासी खलिफांना अशाच एका अडचणीने गाठले होते. तेथे करवर्ष नवरोजपासून मोजत. पण इराणी पंचांगातील अधिक मासाची दुरुस्ती मागे पडल्यामुळे नवरोज ऋतूंच्या पुढे सरकत गेला आणि पीक तयार होण्याआधीच कराची मागणी दारात येऊ लागली. अखेरीस खलिफा अल-मुतदिद याने ८९५ मध्ये करवर्षाचा आरंभ ११ जूनवर नेला. धार्मिक कालगणना एक, महसुली कालगणना दुसरी, ही विभागणी तेव्हापासून राज्यकर्त्यांच्या परिचयाची आहे.

५/
दख्खनमध्ये याच गरजेतून शुहूर सन आला. त्यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणत. हिजरी ७४५ म्हणजे इसवी १३४४. या वर्षी हिजरीचाच आकडा घेऊन तो पुढे सौर गतीने मोजायला सुरुवात झाली, असे गणितावरून दिसते. परंपरा त्याचा संबंध मुहम्मद तुघलकाच्या काळाशी जोडते. आकडा हिजरीचा, चाल सूर्याची, अशी ही जोड होती.

६/
या सनाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात होई. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. मृगावर पेरणी सुरू होते, पुढे खरीप घरात येते, फाल्गुन-चैत्रापर्यंत रब्बी निघते आणि त्या त्या पिकावर साऱ्याचे हप्ते वसूल होतात. पेरणीपासून शेवटच्या वसुलीपर्यंतचा सगळा व्यवहार एकाच सनात मावतो. कारकुनाला एका हंगामाची वसूलबाकी दोन वर्षांत वाटून दाखवावी लागत नाही.

७/
हा सन कागदावर आकड्यांत क्वचितच येई. तो अरबी संख्याशब्दांत लिहीत: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दशकांसाठी अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. उच्चार मराठी कारकुनांच्या जिभेवर घासून थोडे बदललेले असत.

८/
आता ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ ही ओळ वाचता येते. १ + ६० + १०० + १००० = ११६१. हाच पानिपताचा सन. जून १७६० मध्ये तो सुरू झाला आणि जून १७६१ मध्ये संपला. इसवी सन काढण्याचा नियम असा: मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. दिल्लीसाठी ११६१ + ५९९ = १७६०; पानिपतासाठी ११६१ + ६०० = १७६१.

९/
नियम माहीत नसेल तर काय होते? एखाद्या पत्रात अब्दालीचा उल्लेख आहे आणि सन ११६१ आहे. वाचणाऱ्याने तो हिजरी मानला, तर उत्तर येते १७४८. त्या वर्षी अब्दालीची पहिली स्वारी झाली होती. तोच आकडा दक्षिणी फसली मानला, तर उत्तर १७५१-५२, म्हणजे अब्दालीच्या तिसऱ्या स्वारीचा काळ. दोन्ही उत्तरे चुकीची आणि दोन्ही पटण्याजोगी. तेरा वर्षांची चूक अशी कोणाच्या नजरेत न येता छापली जाऊ शकते.

१०/
पानिपताच्या एकाच दिवसाला किती वर्षे लागू होती, ते पाहण्यासारखे आहे. इसवी १७६१, शके १६८२, हिजरी ११७४, शुहूर ११६१, दक्षिणी फसली ११७०, राज्याभिषेक शक ८७. दिवस तोच. बदलते ते कागद लिहिणाऱ्याचे प्रयोजन: पंचांग, धर्म, महसूल किंवा राज्याची प्रतिष्ठा.

११/
मराठी कागदांत आणखी एक गुंता असतो. सन सौर असला तरी महिना आणि तारीख बहुधा हिजरी चांद्र असते; तारखेआधी ‘छ’ हे अक्षर येते, ते ‘चंद्र’ या शब्दाची खूण. सौर वर्ष ११ दिवसांनी मोठे असल्यामुळे सनाच्या आरंभी येऊन गेलेल्या काही चांद्र तारखा त्याच सनाच्या शेवटी पुन्हा येतात. अशा कागदावर तारीख आणि सन दोन्ही स्पष्ट लिहिलेले असूनही दिवस निश्चित होत नाही. मग वार पाहावा लागतो किंवा मजकुरातली घटना.

१२/
उत्तरेत अकबराच्या कारकिर्दीत फसली सन आला. ‘फसल’ म्हणजे पीक. त्याच्या राज्यारोहणाचे वर्ष, हिजरी ९६३ म्हणजे इसवी १५५६, हा आधार धरून पुढची मोजणी सौर गतीने झाली. उत्तरेतला फसली आश्विनात सुरू होतो, कारण तेथील महसुली हिशेब त्या हंगामाशी बांधलेला होता. त्यात ५९२ किंवा ५९३ मिळवले की इसवी सन मिळतो.

१३/
शाहजहानने दख्खनमध्ये फसली सुरू केला तो १६३६ मध्ये. त्याने उत्तरेतला चालू फसली आकडा उचलला नाही. त्या वेळचे हिजरी वर्ष १०४६ घेतले. अकबराच्या आरंभानंतर ८० सौर वर्षे झाली होती आणि त्या अवधीत हिजरी सन ८२ वर्षांहून अधिक पुढे गेला होता. म्हणून दक्षिणी फसली उत्तरेपेक्षा दोन वर्षांनी पुढे चालतो आणि त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. नाव एक, सुरुवात वेगळी, आकडा वेगळा.

१४/
एका अर्थाने शुहूर, उत्तरी फसली आणि दक्षिणी फसली हे तिन्ही सन हिजरीचीच अपत्ये आहेत. ती १३४४, १५५६ आणि १६३६ या तीन वेगवेगळ्या वर्षी मूळ प्रवाहातून बाहेर पडली आणि नंतर सूर्याच्या चालीने चालू लागली. ती एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे सगळे उत्तर या तीन तारखांत आहे.

१५/
हा विषय केवळ पेशवाईचा नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कारभार फसली सनावर चाले. मात्र हैदराबादचा फसली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तिदिन म्हणून फसली १३५७ मध्ये पडतो. मुंबई इलाख्याचा मृगारंभाचा नियम लावला, तर उत्तर १३५८ येईल. जमिनीचा जुना कागद वाचताना असा एका वर्षाचा फरक वारसाच्या किंवा खरेदीच्या नोंदीचा क्रम उलटा करू शकतो.

१६/
मद्रास इलाख्यात तिसरीच पद्धत होती. तेथे फसलीचा आरंभ आधी आडी महिन्यापासून, जुलैच्या मध्याला धरत. १८५५ मध्ये तो १ जुलैवर आणला गेला. तमिळनाडूच्या महसूल खात्यात फसली आजही जिवंत आहे: १ जुलै २०२५ रोजी तेथे फसली १४३५ सुरू झाला. अकबर आणि शाहजहान यांच्या महसुली व्यवस्थेतला हा आकडा अजून गावच्या जमाबंदीत लिहिला जातो.

१७/
इंग्रजांचे स्वतःचे वर्षही ओढाताणीतून घडले. १७५२ मध्ये ब्रिटनने ग्रेगरीय पंचांग स्वीकारले आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. मधले ११ दिवस गळाले. खंड, भाडी आणि हिशेब २५ मार्चच्या ‘लेडी डे’ला मिटवण्याची जुनी रीत होती. वर्ष पूर्ण भरावे म्हणून तो दिवस ११ दिवसांनी पुढे, ५ एप्रिलवर गेला. ब्रिटनमध्ये व्यक्तीचे करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, त्याचे मूळ या दुरुस्तीत आहे.

१८/
हिंदुस्थानात ब्रिटिश अमदानीतले सरकारी हिशेब १ मे ते ३० एप्रिल असे चालत. ब्रिटिश सरकारच्या हिशेबी वर्षाशी ते जुळावेत म्हणून १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष सुरू झाले. या सांध्यावर एक विचित्र वर्ष तयार झाले: १८६६-६७ हे केवळ ११ महिन्यांचे. त्या वर्षाचा महसूल आधीच्या वर्षाशी तसाच ताडून पाहिला, तर उत्पन्न घटल्याचा भास होतो. घटले होते ते महिने.

१९/
सरकारने एप्रिल घेतला तरी बाजाराने तो लगेच घेतला नाही. अनेक व्यापारी पेढ्या दिवाळीला वहीपूजन करून नव्या चोपड्या उघडत आणि त्यांचे हिशेबी वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. प्राप्तिकर कायद्यालाही हे वैविध्य दीर्घकाळ मान्य होते. कर आकारणी वर्ष १९८९-९० पासून मात्र सर्व करदात्यांसाठी एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष सक्तीचे झाले. बदलाच्या त्या सांध्यावर काहींचे हिशेबी वर्ष बारा महिन्यांहून लांब झाले.

२०/
एप्रिलवर टीकाही जुनी आहे. अर्थसंकल्प पावसाळ्याआधी मांडला जातो, पाऊस कसा पडेल हे कोणाला ठाऊक नसते आणि वर्षाचे सारे अंदाज त्यावर उभे असतात. एल. के. झा यांच्या समितीने १९८५ मध्ये जानेवारी-डिसेंबर असे वर्ष सुचवले होते. ते स्वीकारले गेले नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य यांच्या समितीपुढेही हाच प्रश्न ठेवला गेला. एप्रिल टिकून राहिला. मृगावर वर्ष सुरू करणाऱ्या जुन्या कारकुनाला या वादाचे मर्म चटकन समजले असते.

२१/
महाराष्ट्रात आजही एका तारखेला अनेक वर्षे लागू होतात. १० सप्टेंबर २०२३ घ्या. कारखान्याच्या ताळेबंदात ती २०२३-२४ ची दुसरी तिमाही. साखरेच्या हंगामात, जो १ ऑक्टोबरला सुरू होतो, ती अजून २०२२-२३. तलाठ्याच्या दप्तरात महसुली वर्ष १ ऑगस्टपासून चालते, म्हणून तेथे २०२३-२४. ऊस तोच, गाव तेच. पण ‘गेल्या वर्षी किती?’ या प्रश्नाला तीन कचेऱ्यांतून तीन उत्तरे येऊ शकतात आणि तिन्ही खरी असू शकतात.

२२/
संगणकावर एप्रिल-मार्चचे गणित अगदी लहान आहे. तारखेतून तीन महिने वजा करायचे आणि उरलेल्या तारखेचे वर्ष घ्यायचे. २० फेब्रुवारी २०२४ मधून तीन महिने गेले की २० नोव्हेंबर २०२३; म्हणून आर्थिक वर्ष २०२३-२४. त्याच सरकवलेल्या तारखेची तिमाही म्हणजे आर्थिक तिमाही: ऑक्टोबर-डिसेंबर ही चौथी, म्हणून फेब्रुवारी चौथ्या तिमाहीत. ५९९ आणि ६०० च्या नियमाचे हे आजचे रूप आहे.

२३/
सूत्राची मर्यादाही तीच आहे. वर्ष कायम एकाच दिवशी सुरू होत आले, असे ते गृहीत धरते. रिझर्व्ह बँकेचे हिशेबी वर्ष आधी जानेवारी-डिसेंबर होते, १९४० मध्ये ते जुलै-जून झाले आणि पुढे एप्रिल-मार्च झाले. या शेवटच्या बदलामुळे २०२०-२१ चा ताळेबंद जुलै २०२० ते मार्च २०२१ अशा नऊच महिन्यांचा आहे. त्या नऊ महिन्यांसाठी सरकारला ९९,१२२ कोटी रुपये अधिशेष दिला गेला. त्याआधीच्या बारा महिन्यांसाठी ५७,१२८ कोटी. दोन स्तंभ शेजारी ठेवताना ही टीप गळाली, तर तुलना फसते.

२४/
अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७६ मध्ये आपले वर्ष जुलैऐवजी ऑक्टोबरपासून सुरू केले. तेव्हा मधले तीन महिने कोणत्याच वर्षात बसेनात. त्यांचा स्वतंत्र ‘संक्रमण तिमाही’ म्हणून हिशेब ठेवावा लागला. नाव देण्याची रीतही वेगवेगळी असते. तेथे वर्षाला संपण्याच्या सालाचे नाव मिळते. आपल्याकडे २०२३-२४ असे जोडनाव लिहितात आणि त्याच उत्पन्नाचे कर आकारणी वर्ष २०२४-२५ असते. नुसते ‘२०२४’ लिहिलेल्या स्तंभाचा अर्थ म्हणूनच विचारून घ्यावा लागतो.

२५/
या अडचणीवर जाणकार संगणक-अभियंते एक उपाय करतात. ते तारखांचा स्वतंत्र तक्ता ठेवतात. प्रत्येक दिवसाला एक ओळ आणि त्या ओळीत इसवी वर्ष, आर्थिक वर्ष, तिमाही, हंगाम हे सगळे आधीच भरलेले. अहवाल गणित करत बसत नाही, तक्त्यात पाहतो. वर्षाची व्याख्या बदलली, तर तेवढ्या ओळी बदलतात आणि नऊ किंवा अकरा महिन्यांचे वर्षही तक्त्यात आपल्या जागी राहते.

२६/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हा तक्ता परिचयाचा आहे. त्याचे नाव जंत्री. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी जंत्री तयार केली, ग. स. खरे यांनी शिवकालासाठी शकावली रचली, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये आला. मृगाचा दिवस शतकानुशतके थोडाथोडा सरकतो, चांद्र तारीख दोनदा येते, अधिक मास मध्ये पडतो. इतक्या अपवादांपुढे एकट्या सूत्राचा निभाव लागत नाही, हे या मंडळींनी फार आधी ओळखले होते.

२७/
म्हणून सन लिहिलेला कोणताही कागद किंवा वर्षाचा स्तंभ असलेला कोणताही अहवाल समोर आला, की तीन गोष्टी पाहाव्यात. हे वर्ष कोणत्या दिवशी सुरू होते? त्याला नाव आरंभाच्या सालाचे आहे की अखेरच्या? आणि मधल्या काळात ही व्याख्या कधी बदलली होती का? तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो आणि सर्वांत मोठ्या चुका तेथेच होतात.

२८/
या तक्त्यात नवी ओळही आली आहे. प्राप्तिकर कायदा २०२५ ने ‘मागील वर्ष’ आणि ‘कर आकारणी वर्ष’ ही जोडी काढून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली आणि १ एप्रिल २०२६ ही तिच्या अंमलाची तारीख ठरवली. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक आपल्या काळातली विवरणपत्रे उघडेल, तेव्हा त्यालाही विचारावे लागेल की हे २०२५-२६ म्हणजे नेमके कोणते वर्ष. त्याच्यासाठी कोणीतरी जंत्री करून ठेवायला हवी.